एक भेली उरली

बत्ता पडला तेव्हा सगळ्यांनी आधी तराजूकडे पाहिलं. साखळी निखळली की काय म्हणून अल्पनाचे भाऊ प्रतापराव मान वर करून आढ्याच्या कडीकडे बघायला लागले, इंदूवहिनींनी "अगबाई!" म्हणत हळदीकुंकवाचं ताट मागे ओढलं, आणि देवश्रीला पारड्यातून उतरवणारा तिचा बाप भूपेंद्र तिच्या काखेत हात देऊन तसाच अडकून उभा राहिला. फरशीवरून गडगडत गेलेली वस्तू काय आहे ते अल्पनाला मात्र लगेच कळलं. वहिनींच्या खलातला पितळी बत्ता. सकाळी वेलदोडे कुटायला सापडत नव्हता, आणि त्यावरून वहिनींनी मोलकरणीला दोन शब्द ऐकवलेही होते. तो देवश्रीच्या कमरेला, नव्या ओढणीच्या आत, फडक्यात गुंडाळून बांधलेला होता, आणि गाठ सुटून खाली आला होता. देवश्रीनं आईकडे पाहिलं नाही. भूपेंद्र हसला, म्हणाला, "काय गं, देवीला बत्ता वाहतेस की काय?" प्रतापरावही हसले. अल्पनाला हसू येणं शक्यच नव्हतं, कारण तिची नजर पलीकडच्या पारड्याखाली गेली होती. तिथे गुळाची एक भेली उरली होती. गेल्या वर्षीएवढ्याच भेल्या चढवल्या होत्या, आणि पारडी बरोबरीत यावीत म्हणून भाऊंनी ती काढून खाली ठेवली होती. म्हणजे बत्ता धरूनही एक भेली उरली.

सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दर चैत्रात धारहून देवासला यायचं, टेकडीच्या पायथ्याशी भाऊंच्या गुळाच्या दुकानात, ओसरीवरचा मोठा तराजू धुऊनपुसून घ्यायचा, एका पारड्यात देवश्री आणि दुसऱ्यात गूळ. मग तो गूळ टेकडीवर थोरल्या मातेला दाखवायचा आणि पायऱ्यांवर येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकायचा. अल्पनाचा नवसच तसा होता. मुंबईला पोरीच्या मांडीचं हाड कापून आत धातूचा सांधा घातला, त्या दिवशी त्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ती बोलली होती, आई, ही आपल्या पायांनी तुझ्याकडे येऊ दे, दरसाल तुला गुळानं तोलून देईन. किलोत वजन किती ते कोणी विचारायचं नाही, बोलायचं नाही, पारडी बरोबरीत आली की हात जोडायचे, अशी घरची रीत. पण भेल्या मोजायला कोणाची बंदी होती? पहिल्या वर्षी पोर एवढीशी, केस नुकते उगवलेले, पारड्यात बसली तर भेल्या चढवायच्या आधीच पारडं वर जातंय असं वाटलं होतं. मग दरवर्षी एखादी भेली जास्त लागायची. भाऊ मुद्दाम ओरडायचे, "अरे भिया, आण अजून एक, भाची भारी झाली माझी!" आणि अल्पना पदर तोंडाला लावायची. तिचं वर्षभराचं जे काही सुख होतं ते त्या एका भेलीत होतं, दुसरं कुठे नव्हतंच. हाडाच्या कॅन्सरचं ते दुखणं परत उलटलं तर बहुतेक फुफ्फुसात उलटतं, हे तिला ठाऊक होतं. सुरुवातीला तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षानं छातीचा फोटो. फोटो चांगला आला की डॉक्टरबाई "गुड" म्हणायच्या. पण त्या गुडनं तिचं पोट भरायचं नाही. भेलीनं भरायचं.

"चल आत," तिनं देवश्रीचा दंड धरला. दंड हाताला लागला आणि तिला स्वतःची चीड आली. एका घरात राहते, एका ताटात खाऊ घालते, आणि हा दंड असा झालाय हे आज कळतंय? बोर्डाची परीक्षा, बोर्डाची परीक्षा! अभ्यासानं वाळली, सगळ्यांच्याच पोरी वाळतात, असं तिनंच शेजारणीला सांगितलं होतं. सैल सैल कुर्ते घालायला लागली तेव्हा फॅशन वाटली. सकाळी टेकडी चढायचं बोलणं निघालं तेव्हा देवश्री म्हणाली, "यंदा रोपवेनं जाऊ ना आई," तेव्हा अल्पनाच्या मनात आलं ते गुडघ्याचं, की सांधा दुखत असेल बिचारीचा. मूर्ख बाई. वहिनींच्या खोलीत नेऊन तिनं दार लावलं. दार लावल्याबरोबर देवश्री खोकली. नेहमीचा नाही, आतून दाबलेला, कोरडा, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता थांबेना असा.

"केव्हापासून?"

"धूळ आहे ना, आई. गव्हाची."

"देवश्री, केव्हापासून?"

"दिवाळी." मग जरा थांबून, "मतलब, भाऊबीजेला होता. त्याच्या आधी माहीत नाही."

दिवाळीपासून चैत्रापर्यंत पोरगी न्हाणीघरात नळ सोडून खोकत होती. बारावीचे पेपर व्हायचे होते. वर्गातल्या सगळ्या पुढे निघून गेल्यात, मी आधीच एक वर्ष मागे आहे, अजून एक मागे नाही राहणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पेपर झाल्यावर सांगणार होती, शप्पथ. पण मग पेपर झाले आणि तोलायचा दिवस आला, आणि तिला सुचलं ते हे. हे सगळं ती खाली मान घालून, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत, धापा टाकत सांगत होती. अल्पनाच्या तोंडून भलतंच निघालं. "अगं, देवीच्या समोर! देवीला फसवतेस?" तेव्हा देवश्रीनं पहिल्यांदा मान वर केली. "देवीला माहीतच असेल ना. तिला कशाला फसवू? तुला फसवलं. तू त्या भेल्यांकडे कशी बघतेस ते मी दरवर्षी बघते, आई." आणि ती रडायला लागली. अल्पनाला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात हलेनात. मनातून तिला एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासलाच छातीचा सीटी झाला. इंदूरच्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, इथे यायची वाट बघू नका, तिथेच काढा, फिल्म मोबाईलवर येते माझ्याकडे, बघून मी फोन करते. त्यांच्या आवाजात "गुड" नव्हतं. आता घरी येऊन दुपार झाली होती. भूपेंद्र मोठ्या फिल्म आणि कागद आणायला पुन्हा तिकडे गेला होता. घरात बसून त्याला धीर धरवत नव्हता, दहा वेळा चष्मा पुसून झाला होता. भाऊ दुकानात होते पण गिऱ्हाईकाशी बोलत नव्हते. वर गच्चीवर इंदूवहिनींनी कुरडया घातल्या होत्या आणि देवश्री त्यांच्याबरोबर छत्री घेऊन कावळे हाकायला बसली होती. ती सकाळपासून शहाण्यासारखी वागत होती. खाऊन घेत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. अल्पना दुकानामागच्या कोठारात, गुळाच्या ढेपांमध्ये, एका गोणीवर फोन मांडीवर घेऊन बसली होती. तिथे गारवा होता. मधमाश्या होत्या. गुळाचा वास एरवी तिला लहानपणापासून आवडायचा, आज तो नकोसा झाला होता.

तिचं मन एकच गोष्ट घोकत होतं. उशिरा उलटलं तर चांगलं. थोडक्या गाठी असतील तर चांगलं. एकाच फुफ्फुसात असतील तर चांगलं. आणि सगळ्याच्या सगळ्या कापून काढता आल्या तर मग पोर जगायची खरी आशा. शाळेत पाढे म्हणत तसं ती हे म्हणत होती. उशिरा. थोडक्या. एका बाजूला. सगळ्या निघाव्यात. हे ती कुठे शिकली? मुंबईच्या त्या वॉर्डात, बाहेरच्या बाकावर, शेजारच्या बाईला डॉक्टर समजावत होते ते ऐकून शिकली. ती बाई राजाबाई. धार जिल्ह्यातल्याच बागची, छापाच्या कपड्यांचं काम करणाऱ्या घरातली, बोटं कायम रंगलेली. दोघी एका जिल्ह्याच्या म्हणून मुंबईत बहिणी झाल्या होत्या. तिचा चिंटू देवश्रीएवढाच, पाय तोच, दुखणं तेच. दोघं व्हीलचेअरच्या शर्यती लावायची आणि सिस्टर रागवायच्या. चिंटूचं वर्षाच्या आत उलटलं. केस पुरते आले नव्हते अजून. दोन्ही फुफ्फुसांत, आणि इतक्या ठिकाणी, की डॉक्टर म्हणाले सुरी कुठे कुठे घालणार? राजाबाई विचारत राहिली, आणि उशिरा आलं असतं तर? आणि थोडं असतं तर? आणि डॉक्टर बिचारे उत्तर देत राहिले. शेजारच्या बाकावर अल्पना एकेक शब्द टिपत होती. मनात म्हणत होती, आपलं अजून नाही आलं, आपला एक महिना गेला, आपले दोन गेले. चिंटू गेला तेव्हा ती राजाबाईच्या गळ्यात पडून खरं खरं रडली होती. पण त्या रडण्याच्या तळाशी सुटका होती, आणि ती तिला त्याच क्षणी ओळखूही आली होती. वाईट याचं होतं की आज परत तिचं मन तिकडेच धावत होतं. त्याचं लवकर आलं, हिचं पाच वर्षांनी. त्याचं दोन्हीकडे, हिचं... हिचं अजून माहीत नाही. मेलेल्या पोराच्या शेजारी ती आपली पोर उभी करत होती आणि जरा उंच दिसते का ते बघत होती. काय बाई आहे मी, असं तिला वाटलं, आणि तरी मन थांबेना.

फोन थरथरला. पण नाव राजाबाईचं होतं. दर चैत्रात ती न चुकता फोन करायची. अल्पनानं फोन वाजू दिला. मग उचलला.

"काय गं बाई, काल झाला ना तोलायचा कार्यक्रम? भरली का पोरगी?"

"भरली," अल्पना म्हणाली. "भरपूर भरली."

पलीकडे मागे कुठेतरी ठोके ऐकू येत होते, छापाचे, एका लयीत. "आवाज असा का येतोय तुझा?" राजाबाई म्हणाली. "अल्पना? उलटलं का?"

उलटलं हा शब्द तिनं इतका सरळ टाकला की अल्पनाला बांध घालताच आला नाही. बत्ता, खोकला, दिवाळी, सीटी, सगळं भडाभडा सांगून झालं. राजाबाईनं मधे "अरे राम" देखील म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "बरं. आता विचार."

"काय विचारू?"

"चिंट्याचं. तुला विचारायचंय ना, त्याचं किती होतं, कुठं होतं, किती दिवसांत कळलं? त्याच्यासाठीच तर उचललास फोन. विचार ना. मी सांगते. मला सगळं तोंडपाठ आहे."

अल्पनाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. "नाही गं," ती पुटपुटली. "तसं नाही."

"तसंच आहे. मी काय ओळखत नाही का तुला? मी पण त्या वॉर्डात बघायची ना दुसऱ्यांच्या पोरांकडे. हे आमच्यापेक्षा पिवळं दिसतं, ते आमच्यापेक्षा कमी खातं. सगळ्या आया बघतात, त्यात काय!" तिचा आवाज जरा हलला, पण तिनं तो सावरला. "पण एक सांगते. माझ्या पोराशी तोलू नको तिला. त्याचं त्याच्याबरोबर गेलं. हिचं कुठं आहे, किती आहे, ते हिच्याच छातीत बघायचं. आणि काढता येत असेल तर काढायला लाव, मागेपुढे बघू नको. आमच्या वेळी ते पण नव्हतं हातात. रोती क्या है? रडू नको. फोन ठेव, तुझा डॉक्टर लावत असेल."

फोन ठेवल्यावर अल्पना रडली नाही. तिला बरंही वाटलं नाही. फक्त ते घोकणं बंद पडलं, आणि बंद पडल्यावर तिच्या लक्षात आलं की ते चालू होतं तोवर बरं होतं. आता उरली ती निव्वळ भीती. कोणाशी तुलना नाही, कमी नाही, जास्त नाही. वरून वहिनींचा "हाड् हाड्" ऐकू आला आणि पाठोपाठ देवश्रीचं हसणं, आणि हसण्याच्या शेवटी खोकला. अल्पनानं तो शेवटपर्यंत ऐकला. एवढी हसते कशाला, असं मनात आलं. मग वाटलं, हसू दे बाई, हसू दे.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही. "अल्पनाजी, बसलाय ना? उजव्या फुफ्फुसात दोन गाठी आहेत, खालच्या बाजूला. त्या निघतील. जागा चांगली आहे, छातीच्या भिंतीला चिकटलेल्या दिसत नाहीत. डाव्या बाजूला एक छोटासा ठिपका आहे. तांदळाच्या दाण्याएवढा. तो काय आहे ते फिल्मवरून सांगता येत नाही. साधा डागही असू शकतो. पण मी तो गाठच धरून चालते."

"दोन्हीकडे," अल्पना म्हणाली.

"दोन्हीकडे असं धरून चालायचं. आधी उजवी बाजू उघडतील, हातानं चाचपून सगळं फुफ्फुस बघतील, कारण फिल्मवर दिसत नाही ते कधी कधी हाताला लागतं. ते भरून आलं की काही आठवड्यांनी डावी. मग औषधाचं बघू. हे सोपं नाही, मी खोटं सांगणार नाही. पण पाच वर्षांनी उलटलंय, गाठी थोड्या आहेत, आणि सगळ्या निघाल्या तर अशी मुलं जगतात. माझ्याकडे आहेत अशी. नाही काढलं तर मात्र नुसत्या औषधावर माझा भरवसा नाही. सोमवारी दाखल करा. तिची तयारी पाहिजे पण. दोन मोठी ऑपरेशन्स आहेत, मन मोडलेला पेशंट मला नको आहे. कळतंय ना?"

"कळतंय." आणि मग तिनं ते विचारलंच. न विचारता तिला फोन ठेवता आला नसता. "खोकला दिवाळीपासून होता. पोरीनं लपवला. तेव्हाच आणली असती तर?"

"ते आता नको."

"नाही, मला सांगा. मी तिच्यापर्यंत जाऊ देणार नाही."

डॉक्टरबाईंनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "उजवीकडच्या लहान असत्या," त्या म्हणाल्या. "डावीकडचा बहुतेक नसताच. एका ऑपरेशनवर भागलं असतं कदाचित. फरक पडला असता, अल्पनाजी. किती, ते मी नाही सांगू शकत. पण पडला असता."

जिना चढताना तिनं कठड्याला धरलं. गच्चीवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी वाळत होत्या आणि वहिनी खाली चहा टाकायला गेल्या होत्या. देवश्री पाणी पीत होती. आईला बघून तिनं तांब्या खाली ठेवला. समोर टेकडी होती, उन्हात तापलेली, रोपवेचे पाळणे वरखाली करत होते. अल्पनानं तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, उजवीकडचं, डावीकडचं, सोमवार, दोनदा कापणं. काही लपवलं नाही. मधे एकदा पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. देवश्री गुडघ्यावरून हात फिरवत ऐकत राहिली.

"माझ्यामुळे वाढलं का, आई?"

"काय?"

"दिवाळीत सांगितलं असतं तर इतकं नसतं ना झालं. रात्रंदिवस तेच येतंय डोक्यात." तिनं गुडघ्यावरचा हात थांबवला. "खरं सांग. माझ्यामुळे झालं असेल तर मला नाही होणार ते. ऑपरेशन. मी तिथं टेबलावर पडून हेच म्हणत राहीन, की तूच केलंस, तूच केलंस. मग मला नाही जायचं. मग राहू दे."

"वेडी आहेस का?" अल्पना म्हणाली. "मी विचारलं डॉक्टरबाईंना. हेच विचारलं. त्या म्हणाल्या, काही फरक पडला नसता. हे असंच वाढतं. दिवाळीत काय, आत्ता काय."

"खरं?"

"खरं."

"टेकडीकडे बघून सांग."

अल्पना उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. सहा वर्षांत तिनं त्या देवीपुढे कमीजास्त एक शब्द केला नव्हता, नवसातला एक खडा गूळ इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. कळसाचा झेंडा इथून स्पष्ट दिसत होता. तिनं त्याच्याकडे नीट, टक लावून पाहिलं.

"आईची शप्पथ," ती मोठ्यानं म्हणाली. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

देवश्री तिच्या तोंडाकडे बघत होती. अल्पनानं तोंड वळवलं नाही. बघू दे, म्हणाली मनात, हवं तितकं बघू दे. खूप वेळानं पोरीचे खांदे खाली आले आणि तिनं दोन्ही तळव्यांनी डोळे पुसले.

"मग बाबांना फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, सोमवारचं पक्कं."